पेटी उलटली त्याची हकिकत

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर सरळ व्हायला हल्ली मला वेळ लागतो, तेवढं थांबून पुढे वाच.) भावोजींनाही नमस्कार. ते तुझ्या खांद्यावरून हे पत्र वाचायची खटपट करत असतील आणि चष्मा शोधत असतील, तर तो त्यांच्या कपाळावर आहे. तुझे गुडघे कसे आहेत? नातीला दात आले का? एवढे महिने लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी राहून परवा परत आलीस, तेव्हा घर झाडता झाडता कंबरडं मोडलं असेल. विशेषतः ती मागची खोली. लेक सासरी गेल्यापासून तिथे भावोजींची व्यायामाची सायकल असते आणि त्या सायकलवर टॉवेल वाळत असतात, असं मला आठवतं. खोली मात्र छान आहे. खिडकी मोठी, उजेड भरपूर. असो, सहज आठवलं. हे पत्र टपालाने न पाठवता हातोहात पाठवतो आहे, तर आणणाऱ्याला पाणी विचारलंस ना? नसेल तर आधी विचार, कारण पत्र लांब आहे. (फोनच केला असता, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस.)

तर बातमी अशी, की तू तिकडे होतीस तेव्हा मी इकडे होतो. म्हणजे तुझ्याच शहरात, तुझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, सुट्टीचे जवळजवळ सगळे दिवस. रोज संध्याकाळी तुझ्या दारावरून जायचो, कुलूप बघायचो आणि पायरीवरच्या कुंडीला पाणी घालायचो. (झाड जगलं असेल तर श्रेय माझं. वाळलं असेल तर मी पोचलो तेव्हाच ते तसं होतं.) तुमच्याकडचं ते मोठं संशोधन केंद्र आहे ना, लांबलचक भिंत आणि फाटकावर झोपाळू पहारेकरी असलेलं, तिथे मी कामाला होतो. हसू नकोस. दर सुट्टीत ते लोक एका शाळेतला एक विज्ञानशिक्षक आणि एक विद्यार्थी अशी जोडी बोलावतात. शिक्षकाने इंजिनिअर लोकांबरोबर बसायचं, विद्यार्थ्याने कार्यशाळेत काम शिकायचं, राहणं-जेवण त्यांच्याकडे. उद्देश असा, की शिक्षकाला खरं विज्ञान दिसावं आणि मुलांना पुढे वाट मिळावी. नियम एकच, पण कडक: जोडी म्हणजे जोडी. विद्यार्थी एकटा घेत नाहीत, आणि शिक्षक परत गेला की विद्यार्थीही परत.

मुख्याध्यापिका बाईंनी शिक्षकांच्या खोलीत ही सूचना वाचून दाखवली, तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम वह्यांमध्ये गेल्या. मीही घातली होती. सुट्टीत मला झोपायचं होतं, आणि तुला माहीत आहे, झोपेच्या बाबतीत मी शब्दाचा पक्का आहे. पण त्या वेळी आमच्या खोलीत स्टुलावर उभी राहून पाना पंख्याचं बटण दुरुस्त करत होती. पाना म्हणजे माझ्या वर्गातली मुलगी. दप्तरात पुस्तक नसलं तरी चालेल, पण पाना असतोच, म्हणून मुलांनी तेच नाव ठेवलं. आई घरी शिवणकाम करते, वडील माल पोचवायची गाडी चालवतात. आईचं शिलाई मशीन अडलं की ती दुकानात नेत नाही, शाळेत निरोप धाडते. तर स्टुलावरून तिने मला विचारलं, "सर, तिथे यंत्रं उघडू देतात का?"

आता तुला आमची प्रयोगशाळा सांगायला हवी. सगळं सामान काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापिका बाईंच्या पर्समध्ये, आणि पर्स बाईंच्या काखेत. सामान तुटलं तर पुन्हा मिळायचं नाही, म्हणून ते कधी वापरायचंच नाही असं ठरलेलं. मुलं रांगेने येतात, काचेला नाक लावून सूक्ष्मदर्शक बघतात आणि रांगेने परत जातात. याला आम्ही प्रात्यक्षिक म्हणतो. आणि दहावीची परीक्षा देऊन सुट्टी संपली की पानाने काकाच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला बसायचं, असं तिच्या घरी ठरलेलं होतं. म्हणजे यंत्र उघडायची तिची जी काय हौस होती, ती याच सुट्टीत फिटायची होती. मी मान वर केली. एवढंच केलं मी, ताई, पण सगळे माझ्याकडेच बघत होते, त्यामुळे अर्ज गेला. (आमची निवड झाल्याचं कळल्यावर बाईंनी शाळेत भाषण केलं. इतर कुठल्या शाळेने अर्जच केला नव्हता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

केंद्रात ज्या खोलीत मला बसवलं, तिथे एक पेटी तयार होत होती. काम सोपं वाटत होतं. पेटी तलावात सोडायची, तिने तरंगत राहायचं, तिच्या तळाला लावलेली नळी पाण्यात बुडलेली असणार आणि पाणी किती स्वच्छ आहे ते ती सतत कळवणार. अडचण एवढीच, की जरा वारा आला, लाट आली, की पेटी उलटायची. नळी वर, झाकण खाली. मग ती नळी हवा किती स्वच्छ आहे ते कळवत बसायची, जे कोणी विचारलेलं नव्हतं. या गटाच्या प्रमुख एक मॅडम, वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या, बोलणं कमी, हातात सतत कप, कपात चहा आहे की नाही याचा पत्ता नसायचा. दुसरा एक उंचच उंच इंजिनिअर, त्याला सगळे शिडी म्हणतात. तोही म्हणतो. ही मंडळी कित्येक आठवडे पेटी का उलटते याचं गणित एका मोठ्या पांढऱ्या फळ्यावर मांडत होती. फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला. बाणांतून बाण फुटलेले.

ताई, माणसाने एकच काम सारी उमर केलं की ते काम त्याच्या हातापायांत शिरतं. पहिल्या दिवशी मी खोलीत गेलो आणि आधीच बसलेल्या माणसांना "बसा" म्हणालो. जेवणाच्या रांगेत दोन शास्त्रज्ञ बोलत होते, त्यांना वेगळं केलं. संचालक माझ्याशी खिशात हात घालून बोलले, तर मी नुसतं त्यांच्या खिशांकडे बघितलं आणि त्यांनी हात बाहेर काढले. इथपर्यंत लोकांनी गंमत म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. खोलीत कोणी नाही. समोर भरलेला फळा. आदल्या तासाच्या शिक्षकाने फळा न पुसता जाणं याची मला किती चीड आहे, ते आमच्या शाळेत सर्वांना माहीत आहे. मनात एक शब्दही आला नाही. हात आपोआप गेला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, कोपरे सुद्धा. मग वर उजव्या कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात तारीख लिहिली, मध्यभागी 'विषय' असं लिहून खाली रेघ मारली आणि प्रसन्न मनाने विद्यार्थ्यांची वाट बघत उभा राहिलो.

मॅडम आल्या. त्यांनी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फळ्याकडे, आणि कप टेबलावर ठेवला. कप त्यांच्या हातातून सुटलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. ओरडल्या नाहीत, त्यानेच माझं पाणी पाणी झालं. शिडी म्हणाला, काळजी नको, मी फळ्याचा फोटो काढून ठेवलाय. आमचा जीव भांड्यात पडला. फोटो उघडला, तर तो त्याने स्वतःचाच काढलेला होता, मागे फळा. अर्धं गणित दिसत होतं आणि उरलेल्या अर्ध्यात शिडीचा हसरा चेहरा आणि खांदा.

संचालकांनी बोलावलं. (या वेळी हात खिशातच होते.) माणूस भला आहे, पण म्हणाले, की गुरुजी, आणखी एक असा प्रकार झाला तर आम्हाला जोडी परत पाठवावी लागेल. मी कार्यशाळेच्या दारातून गेलो, तर आत पाना. व्हाइसच्या लोखंडी पकडीत पट्टी धरून कानशीने घासत होती, डोळ्यांवर मोठा चष्मा, नाकाच्या शेंड्याला काळं. शेजारी कार्यशाळेचे मुख्य कारागीर, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात. (मला मात्र तिथे कोणी मास्तर म्हणत नव्हतं, हे जरा लागलं.) तिने चुकीच्या कडेला घासलं होतं. मास्तरांनी बघितलं, ती पट्टी बाजूला ठेवली आणि तिला दुसरी पट्टी दिली. बस, एवढंच. रागावणं नाही, कपाट नाही, किल्ली नाही. पाना माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, इथे चुकलं की दुसरं देतात." ताई, मला भरून आलं. हिला माझ्यामुळे इथून जावं लागलं तर मी तिच्या आईला काय तोंड दाखवणार होतो?

म्हणून मी चंग बांधला. पुसलेलं गणित मी पुन्हा लिहून घेणार. मॅडमना, शिडीला, सगळ्यांना एकेक करून फळ्यापाशी उभं केलं आणि प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणायला लावली. पायरी गाळायची नाही, 'हे उघडच आहे' म्हणायचं नाही. शिडीची अक्षरं लहान होती, ती मोठी काढून घेतली. मला मनातून अशी आशा, की या घोटवण्यात कुठेतरी जुनी चूक सापडेल, सगळे थक्क होतील आणि फळा पुसल्याबद्दल माझा सत्कार होईल. बऱ्याच दिवसांच्या मेहनतीनंतर गणित पूर्ण झालं. आधीचं जसं होतं, अगदी तसंच. चूक नव्हतीच. पेटी चाचणीच्या पाण्याच्या टाकीत सोडली, जरा लाट उठवली आणि ती उलटली. एवढं मात्र झालं, की आता ती का उलटते हे सगळ्यांना पाठ येत होतं.

तेवढ्यात ती जुनी पेटी उलटून उलटून चेपली, म्हणून नवीन पेटी करायची ठरली, आणि ती आमच्या जोडीने करावी असं मॅडमनीच सुचवलं. (मला फळ्यापासून लांब ठेवायचा हेतू असावा.) पेटीचा रिकामा डबा तयार होता, पानाने फक्त नळीच्या जागी भोकं पाडून नळी धरणारी पट्टी बसवायची होती. कुठे पाडायची ते मी कागदावर चित्र काढून दाखवलं. इथे पुन्हा माझे हातपाय आडवे आले. टेबलापलीकडे मूल उभं असलं की मी चित्र माझ्या बाजूने उलटं काढतो, म्हणजे मुलाला सुलटं दिसतं. आयुष्यभराची सवय, आणि मला तिचा अभिमान आहे. पेटी काढली, पट्टी काढली, नळी काढली, सगळं पलीकडून बघणाऱ्यासाठी. पण पाना पलीकडे नव्हतीच. मी काढत असताना ती नीट दिसावं म्हणून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. कागदावर मान घालून बसलेल्या मला ते कळलं नाही. तिच्या बाजूने नळी झाकणावर होती. तिने मान डोलावली आणि गेली.

चाचणीच्या दिवशी संचालक स्वतः आले, सोबत वरची दोन माणसं. पुढच्या वर्षी शाळेच्या जोड्या बोलवायच्या की नाही, तेही त्याच दिवशी ठरणार होतं. मी मागे, भिंतीला टेकून. शिडीने पेटी दोरीला अडकवली आणि टाकीवर नेली तेव्हा मला दिसलं, की नळी झाकणावर आहे. आकाशाकडे तोंड करून. मॅडमनाही दिसलं, त्यांनी हात वर केला, पण शिडीला तो निरोपाचा हात वाटला आणि त्याने दोरी सोडली. पेटी पाण्यावर बसली. लाट उठली. पेटी हलली, डुलली आणि दर वेळेसारखी शांतपणे उलटली. नळी पाण्यात गेली. आणि समोरच्या पडद्यावर पाण्याचे आकडे यायला लागले. एकामागून एक. लाटा मोठ्या केल्या, पेटी हलायला तयार नाही. एकदा उलटल्यावर ती अशी बसली होती, की जणू तिला इतके दिवस हेच म्हणायचं होतं.

मग मॅडमनी विचारलं, नळी वर कोणी लावली? मी तोंड उघडणार, त्याआधी पाना पुढे आली. म्हणाली, "मी. सरांनी चित्रात तशीच काढली होती. आधी मला वाटलं चुकलं. मग लक्षात आलं, पेटी उलटतेच ना, मग वर लावली म्हणजे उलटल्यावर पाण्यात. सरांनी तोच विचार केला असणार." सगळे माझ्याकडे वळले. संचालक, वरची माणसं, शिडी. ताई, तुझ्यापाशी काय लपवायचं, मी क्षणभर छाती पुढे काढली. गणित न मांडता उत्तर काढणारा शिक्षक म्हणून माझ्याकडे पहिल्यांदाच कोणीतरी बघत होतं, आणि ते छान वाटत होतं. मग पानाकडे बघितलं. ती माझ्यासाठी खूश होती. मी छाती आत घेतली आणि सांगितलं, की साहेब, मी चित्र पलीकडच्या माणसासाठी काढलं होतं, ही अलीकडे उभी होती. माझ्या डोक्यात असलं काहीही नव्हतं. विचार केला तो हिने, आणि तो केल्याचं हिला अजून माहीत नाही.

मॅडम हसल्या. संचालकांनी तर खिशातून हात काढून टाळ्याच वाजवल्या. काम अर्ध्यावरच आहे अजून, पेटीतलं बाकी सगळं आता उलटं बसवायचं आहे आणि फळा पुन्हा भरला आहे. (त्यावर आता 'पुसू नये' असं लिहिलेलं असतं. खाली माझ्यासाठी वेगळी सूचनाही आहे.) पण जोड्या पुढच्या वर्षीही येणार हे ठरलं, आणि मास्तरांनी संचालकांना सांगितलं, की ही मुलगी मला हवी. त्यांच्याकडे दोन वर्षांचं शिक्षण असतं: अर्धा दिवस तिथल्याच वर्गात, अर्धा दिवस कार्यशाळेत यंत्रं घडवायची, आणि पुढे इंजिनिअरिंगला जायची वाट मोकळी. फी नाही. नवीन सत्रापासून सुरू. कव्हरं विकायचं रद्द झालं. मी शाळेत परत गेल्यावर पहिल्या दिवशी बाईंकडे कपाटाची किल्ली मागितली. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, मुलांनी सामान मोडायचं आहे. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी किल्ली टेबलावर ठेवून गेल्या.

तर अशी ही हकिकत. तुला कळवावी म्हणून लिहिली, बाकी काही विशेष नाही. गुडघ्यांना जप, जिने कमी चढ, भावोजींना सायकल चालवायला लाव. लोभ आहेच, तो गृहीत धरूनच तर एवढं लिहितो.

तुझा,
धाकटा

ता. क. त्या मागच्या खोलीतली सायकल बाल्कनीत मावेल. मी येता-जाता खालून अंदाज घेतला आहे. रस्ता बघत चालवली तर भावोजी खरोखरच चालवतील.

ता. क. दुसरी. केंद्राचं वसतिगृह फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, हे वर लिहायचं राहिलं. त्याहून लहान मुलांनी शहरात कुणाच्या तरी घरी, जबाबदार माणसापाशी राहायचं, असा नियम. नाहीतर जागा जाते. पानाच्या आईने मशीन थांबवून मला विचारलं, कोणाच्या घरी? मी म्हणालो, माझ्या ताईच्या. तिने विचारलं, ताई हो म्हणाल्या का? आता आपण दोघं लहानाचे मोठे झालो, तू मला कधीही कशालाही पहिल्यांदा हो म्हणाली नाहीस आणि शेवटी कधी नाही म्हणाली नाहीस. म्हणून मी शेवटचं उत्तर सांगून टाकलं.

ता. क. तिसरी. मुलगी शांत आहे, खाण्याचे नखरे नाहीत, अंथरूण स्वतः घडी करते. फक्त तिच्यासमोर घड्याळ, मिक्सर किंवा भावोजींचा रेडिओ एकटा सोडू नये. पुन्हा चालू होतो, पण मधला वेळ बघवत नाही.

ता. क. शेवटची. ज्या मुलीने तुला हे पाकीट दिलं आणि जी आता दाराशी दप्तर छातीशी धरून उभी आहे, तीच पाना. तुझं वाचून होईपर्यंत एक शब्द बोलू नकोस, असं मी तिला बजावलं आहे, कारण तुला वाचताना मध्ये बोललेलं खपत नाही. तिला वाटतंय तू आधीच हो म्हणालेली आहेस, तेव्हा चेहरा जरा तसा कर. मी तुझ्या खिडकीतून दिसणाऱ्या बाकावर पाठमोरा बसलो आहे. वळून बघायचं धाडस होत नाही. तिला आत घेतलंस की मला हाक मार. विद्यार्थी एकटा घेत नाहीत, जोडीनेच घेतात, हा नियम मी वर सांगितला आहेच. चहा त्या हिशेबाने टाक.